गॅलब्रेथचे तीन महिने

रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने लिहिलेली 'द ककूज कॉलिंग' ही कादंबरी एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. 'लिटल, ब्राउन' या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या 'स्फिअर' या शाखेने ती काढली होती. लेखकाची ही पहिलीच कादंबरी. परिचयात म्हटलं होतं की गॅलब्रेथ लष्करी पोलिसांच्या साध्या वेशातल्या तपास शाखेत होता, २००३ मध्ये लष्कर सोडून खाजगी सुरक्षा व्यवसायात आला आणि हे त्याचं टोपणनाव आहे. कथानायक कॉर्मोरन स्ट्राइक हा अफगाणिस्तानात पाय गमावून परतलेला, पैशांच्या तंगीत सापडलेला खाजगी गुप्तहेर. एका प्रसिद्ध मॉडेलचा बाल्कनीतून पडून मृत्यू झाला आहे. ती आत्महत्या की खून, हे त्याला शोधायचं आहे.

१४ जुलै २०१३ रोजी 'संडे टाइम्स'ने बातमी छापली की गॅलब्रेथ म्हणजे हॅरी पॉटरची लेखिका जे. के. रोलिंग.

मधले जेमतेम तीन महिने हा इथला विषय. सर्जनशील कामातलं यश कसबामुळे येतं की नशिबामुळे, या वादात सहसा हाताशी पुरावा नसतो. यशस्वी माणूस मेहनतीची गोष्ट सांगतो, मागे राहिलेला नशिबाची, आणि दोघांनाही आपलं आयुष्य वेगळ्या अटींवर पुन्हा जगून पाहता येत नाही. इथे मात्र तसं काहीसं घडलं. पुस्तक तेच, कथा तीच, वाक्यं तीच. आधी ते अनोळखी माणसाचं म्हणून विकलं गेलं आणि मग जगातल्या सर्वाधिक खपाच्या लेखिकांपैकी एकीचं म्हणून. इतकी स्वच्छ तुलना साहित्यात क्वचितच मिळते.

हे प्रकरण नेहमी दोन प्रकारे सांगितलं जातं. एका बाजूचे म्हणतात, बघा, दर्जा वगैरे काही नसतं, नावच विकलं जातं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, परीक्षणं आधीपासून चांगलीच होती, म्हणजे गुण कुठेही असले तरी दिसतातच. मला दोन्ही पटत नाहीत, आणि या तीन महिन्यांकडे बारकाईने पाहिलं तर दोन्ही टिकत नाहीत.

काय घडलं

गॅलब्रेथचं हस्तलिखित प्रकाशकांकडे गेलं तेव्हा ते सगळ्यांनी उचलून धरलं असं झालं नाही. अनेक ठिकाणांहून साभार परत आलं. 'ओरायन' या प्रकाशनसंस्थेच्या एका संपादिकेने पुढे मोकळेपणाने सांगितलं की आपण ते नाकारलं होतं. लेखन चांगलं होतं, पण शांत वाटलं, गर्दीत उठून दिसेल असं वाटलं नाही. २०१६ मध्ये रोलिंगने स्वतःच दोन नकारपत्रं ट्विटरवर टाकली, खालच्या सह्या झाकून. त्यातल्या एका पत्रात गॅलब्रेथला सुचवलं होतं की लेखकांच्या एखाद्या गटात किंवा लेखनाच्या वर्गात जाऊन पाहावं, त्याचा उपयोग होईल. सूड म्हणून नव्हे, नव्या लेखकांना धीर यावा म्हणून ही पत्रं टाकते आहे, असं तिने तेव्हा लिहिलं होतं.

त्या संपादकांना आज हसणं सोपं आहे, पण मला ते अन्यायाचं वाटतं. त्यांच्या टेबलावर आलेली संहिता एका अनोळखी माजी सैनिकाची होती. गुप्तहेर कादंबऱ्यांचा बाजार तुडुंब भरलेला असतो. 'चांगली आहे, पण वेगळी उठून दिसत नाही' हा त्या परिस्थितीतला प्रामाणिक व्यावसायिक निर्णय आहे, आणि पुढच्या तीन महिन्यांनी तो फारसा खोटाही पाडला नाही.

पुस्तक आलं. परीक्षणं थोडीच आली, पण जी आली ती चांगली होती. अमेरिकेच्या 'पब्लिशर्स वीकली'ने विशेष शिफारशीचा तारा दिला. व्हॅल मॅकडर्मिड आणि मार्क बिलिंगहॅम या गुन्हेगारी कादंबरीतल्या नावाजलेल्या लेखकांचे कौतुकाचे शब्द पुस्तकाला मिळाले. नवख्या लेखकाने आणखी काय मागावं? तरीही जुलैपर्यंत हार्डबॅकच्या सुमारे १,५०० प्रतीच खपल्याचं वृत्तपत्रांनी सांगितलं.

मग बिंग फुटलं, आणि ज्या रीतीने फुटलं तीच या प्रकरणातली सर्वांत निव्वळ योगायोगाची घटना आहे. रोलिंगच्या कामाशी संबंधित वकिली संस्थेतल्या एका भागीदाराने ही गोष्ट आपल्या पत्नीच्या जिवलग मैत्रिणीला सांगितली. 'संडे टाइम्स'च्या एका स्तंभलेखिकेने हे पुस्तक आवडल्याचं ट्विटरवर लिहिलं होतं. त्या मैत्रिणीने तिथेच उत्तर दिलं की हे नवख्या लेखकाचं पुस्तक नाही, रोलिंगचं आहे. खातं लगेच नाहीसं झालं, पण बातमीदार कामाला लागले. गॅलब्रेथचा आणि रोलिंगचा एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकांशी व्यवहार करणारा) एक, प्रकाशक एक, संपादकही एक, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन तज्ज्ञांना मजकूर तपासायला दिला: ऑक्सफर्डचे पीटर मिलिकन आणि अमेरिकेतल्या ड्युकेन विद्यापीठाचे पॅट्रिक जुओला. जुओला यांनी शब्दांची लांबी, सर्वांत जास्त वेळा येणारे १०० शब्द, शेजारी येणाऱ्या शब्दांच्या जोड्या आणि अक्षरांचे छोटे तुकडे अशा चार कसोट्या लावून गॅलब्रेथची तुलना रोलिंगशी आणि इतर तीन ब्रिटिश लेखिकांशी केली. सगळ्या कसोट्या मिळून बोट रोलिंगकडे सर्वांत सातत्याने जात होतं. विचारणा झाल्यावर तिने कबूल केलं.

पुढे त्या वकिलाला गोपनीयता मोडल्याबद्दल १,००० पौंडांचा दंड झाला.

बातमीनंतर ॲमेझॉनच्या यादीत ४,७०९व्या क्रमांकावर असलेलं पुस्तक पहिल्या क्रमांकावर गेलं. प्रकाशकाने घाईने १,४०,००० प्रतींची नवी छपाई हाती घेतली. पहिल्या आवृत्तीच्या सही केलेल्या प्रती हजारो डॉलरला विकल्या जाऊ लागल्या.

१,५०० प्रती म्हणजे अपयश?

प्रकरणाची मेख मला इथे दिसते. '१,५०० प्रती' हा आकडा सगळीकडे केविलवाणा म्हणून सांगितला गेला. एवढी मोठी लेखिका आणि नाव काढून घेतल्यावर फक्त दीड हजार! पण तुलना कशाशी चालली आहे ते पाहा. हा आकडा तिच्याच आधीच्या पुस्तकांच्या कोट्यवधींच्या खपासमोर ठेवला जातो. तो ठेवायला हवा त्याच मोसमात आलेल्या दुसऱ्या एखाद्या अनोळखी लेखकाच्या पहिल्या हार्डबॅक कादंबरीसमोर. तिथे तीन महिन्यांत दीड हजार म्हणजे ठीकठाक सुरुवात आहे. नाव नाही, मुलाखती नाहीत, लेखक कुठल्या कार्यक्रमात दिसू शकत नाही (कारण तो अस्तित्वातच नाही) आणि तरी एवढी पुस्तकं दुकानांतून उचलली गेली.

रोलिंगने नंतर आपल्या बाजूने जे सांगितलं ते फार कमी जणांनी लक्षात ठेवलं. हार्डबॅक, ई-पुस्तक, वाचनालयं आणि श्राव्य पुस्तक असं सगळं धरून गॅलब्रेथच्या इंग्रजी प्रती ८,५०० गेल्या होत्या आणि दोन दूरचित्रवाणी निर्मितीसंस्थांनी हक्कांसाठी विचारणा केली होती. गॅलब्रेथ अपेक्षेपेक्षा बरा चालल्यामुळेच गुपित राखणं अवघड होत चाललं होतं, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणजे त्या तीन महिन्यांत आपल्याला जे दिसलं ते अपयश नव्हतं. मोठ्या नशिबाची जोड नसताना उत्तम कसब साधारणपणे कसं दिसतं, ते आपल्याला पहिल्यांदा इतकं उघड दिसलं. काही नकार, एक होकार, मोजकी पण मनापासून आलेली परीक्षणं, काही हजार वाचक, एखाद-दुसरी आशादायक विचारणा. सर्जनशील कामात कसलेल्या बहुतेक माणसांचं आयुष्य एवढ्याच मापाचं असतं. आपण त्याला अपयश म्हणतो, कारण आपली फूटपट्टी ज्यांच्यावर कसब आणि नशीब दोन्ही एकाच वेळी बरसले अशा मूठभरांवरून बनलेली आहे.

मला याचा मनापासून त्रास होतो. कुणी कवी, चित्रकार, संगीतकार दहा वर्षं चांगलं काम करून काहीशे-काहीहजार रसिकांपर्यंत पोचलेला असतो आणि आपण त्याला विचारतो, 'मग पुढे काय झालं नाही?' प्रश्न विचारणाऱ्याला वाटतं की काहीतरी चुकलं असणार. गॅलब्रेथच्या बाबतीत काहीही चुकलं नव्हतं. पुस्तकात जे होतं ते पहिल्या दिवसापासून त्यात होतं.

जुओलांच्या कसोट्यांकडे मी याच कारणाने पुन्हा पुन्हा वळतो. लेखिकेच्या हाताचा ठसा त्या मजकुरात इतका पक्का होता की संगणकाला तो सापडला. तो ठसा वाचकांच्या हातात तीन महिने होता. दर्जा आणि शैली ही मजकुरातली गोष्ट, तर कीर्ती ही मजकुराबाहेरची. एकीवरून दुसरीचा अंदाज करता येतो असं आपण धरून चालतो.

पण ते तीन महिनेही निव्वळ कसबाचे नव्हते

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रकरण वाटतं तितकं निर्मळ नाही. गॅलब्रेथला नाव नव्हतं, पण एजंट होता, आणि तो कुणी ऐरागैरा एजंट नव्हता. शेवटी ज्या संपादकाकडे पुस्तक गेलं त्याने आधी ते लेखिका कोण हे माहीत नसताना वाचलं होतं, पण पुढे तोही गुपितात सामील झाला. 'लिटल, ब्राउन'सारख्या घराची वितरणव्यवस्था पाठीशी होती. खरोखरचा माजी सैनिक, ज्याला कुणीच ओळखत नाही, तो ही संहिता घेऊन निघाला असता तर साभार परत आलेल्या पत्रांनंतर पुढचा होकार आलाच असता, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. दीड हजार हा आकडासुद्धा थोड्या नशिबाने वर उचललेला आहे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. पुस्तकावरून नाव काढता येतं, हातातली कला काढून ठेवता येत नाही. आणि ती कला आली कुठून? ४५० पानांच्या रहस्यात धागे पेरायचे, गोळा करायचे, पात्रांना बोलतं ठेवायचं, हे रोलिंग आधीच्या सात जाड पुस्तकांत आणि २०१२च्या प्रौढांसाठीच्या कादंबरीत शिकली. त्यातलं पहिलं पुस्तक गाजल्यानंतर तिला पोटापाण्यासाठी दुसरं काही करावं लागलं नाही. ती मोकळीक तिला पहिल्या मोठ्या यशाने दिली. आणि त्या पहिल्या यशाचा इतिहास पाहिला तर तिथे योगायोगांची रांग लागलेली दिसते.

हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाची कल्पना १९९० मधली. लिहून पुरं व्हायला १९९५ उजाडलं. पाच वर्षांची ही मेहनत नशिबाच्या खात्यात टाकता येणार नाही. पण पुढचं पाहा. एजंटच्या कार्यालयात ते नकाराच्या ढिगात पडलं होतं. तिथे काम करणाऱ्या एका तरुणीने ते उचलून वाचलं, म्हणून ते जगलं. नंतर १२ प्रकाशकांनी नाकारलं. 'ब्लूम्सबरी'च्या प्रमुखाने पहिलं प्रकरण घरी नेलं, त्याच्या आठ वर्षांच्या मुलीने ते वाचून पुढचं मागितलं. जून १९९७ मध्ये पुस्तक निघालं तेव्हा हार्डबॅकची पहिली छपाई ५०० प्रतींची होती, त्यातल्या बऱ्याचशा वाचनालयांना गेल्या. स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलने ८,००० पौंडांचं अनुदान दिलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'स्कोलॅस्टिक'ने १,०५,००० डॉलर देऊन हक्क घेतले. अनोळखी लेखिकेच्या बालसाहित्यासाठी ही रक्कम इतकी मोठी होती की तिचीच बातमी झाली.

यातला कुठलाही एक दुवा निसटला असता तर काय झालं असतं? कदाचित तेराव्याने नाही तर सतराव्याने घेतलं असतं. कदाचित कुणीच घेतलं नसतं. पण एक नक्की, की त्या ढिगातून पुस्तक उचलणाऱ्या हाताने केवळ एका पुस्तकाला संधी दिली नाही. पुढच्या १५ वर्षांच्या सरावाची सोय करून दिली. नशीब एकदा मिळालं की ते हळूहळू कसबात मुरतं. मग ते बाहेरून पाहणाऱ्याला नशीब म्हणून ओळखू येत नाही, सगळं कसबच वाटतं. यशात नशीब किती टक्के आणि मेहनत किती, हा हिशेब म्हणूनच मला निरर्थक वाटतो. दोन्ही एकमेकांत गुंतत जातात, एकाचं भांडवल दुसऱ्याच्या कामी येतं. हे मागे पडलेल्यांच्या बाबतीत उलट्या दिशेनेही घडतं. पहिल्या पुस्तकाला कुणी विचारलं नाही म्हणून दुसरं लिहायला वेळ काढता आला नाही, आणि मग लोक म्हणतात, त्याच्यात तेवढी धमक नव्हती.

४८ गाणी, आठ जगं

एका पुस्तकावरून नियम काढू नये, ही शंका रास्त आहे. सुदैवाने याच प्रश्नावर एक काटेकोर प्रयोग झालेला आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांनी एक संकेतस्थळ उभारलं, तिथे अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी ठेवली आणि १४,३४१ जणांना ती ऐकायला, गुण द्यायला, हवी असल्यास उतरवून (डाउनलोड करून) घ्यायला सांगितलं. काही जणांना फक्त गाण्यांची नावं दिसत. इतरांच्या मतांचा त्यांना पत्ता नव्हता. बाकीचे आठ वेगवेगळ्या 'जगांत' विभागले होते. प्रत्येकाला आपल्या जगात कुठलं गाणं आधी किती जणांनी उतरवलं ते दिसायचं, दुसऱ्या जगातलं मात्र नाही. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली.

एकाच वेळी, त्याच गाण्यांचा इतिहास आठ वेळा घडवून पाहण्याची ही युक्ती होती. रोलिंगच्या बाबतीत आपल्याला दोन वेळा मिळालं, इथे आठ.

निष्कर्ष दोन्ही बाजूंच्या लोकांनी नीट वाचावा असा आहे. इतरांची पसंती दिसू लागली की लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय आणि मागची अधिक मागे पडली, दरी वाढली. आणि कोणतं गाणं वर जाईल ते प्रत्येक जगात वेगळं निघालं. '५२मेट्रो' या वाद्यवृंदाचं एक गाणं स्वतंत्र मतांनुसार २६व्या क्रमांकाचं, म्हणजे अगदी मधलं. ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्यात ४०वं. गाणं तेच, ऐकणारे त्याच प्रकारचे. सुरुवातीच्या काही जणांनी काय निवडलं एवढाच फरक.

पण त्याच प्रयोगात असंही दिसलं की स्वतंत्र मतांनी सर्वोत्तम ठरलेली गाणी क्वचितच तळाला गेली, आणि सर्वांत कमअस्सल गाणी क्वचितच वर आली. दर्जाने टोकं धरून ठेवली. मधला मोठा पट्टा मात्र वाऱ्यावर होता.

गॅलब्रेथ मला त्या पट्ट्याच्या वरच्या भागात दिसतो. दर्जाने त्याला तळाला जाऊ दिलं नाही: प्रकाशक मिळाला, परीक्षणं मिळाली, वाचक मिळाले. त्यापुढे कुठे पोचायचं ते त्या दर्जाच्या हातात नव्हतं. नकार देणाऱ्या संपादिकेचे 'चांगलं, पण शांत' हे शब्द आठवा. त्या पट्ट्यातल्या बहुतेक चांगल्या कामाचं तेच वर्णन होईल.

साल्गानिक आणि वॉट्स यांनी पुढे आणखी एक प्रयोग केला, त्याची चर्चा कमी होते. त्यांनी लोकप्रियतेची यादीच उलटी करून लोकांना दाखवली; तळाची गाणी वर, वरची तळाला. काही गाण्यांना या खोट्या लोकप्रियतेचा खरा फायदा झाला. सर्वांत चांगली गाणी मात्र काळ जाईल तशी हळूहळू वर सरकत राहिली. पण एकूण उतरवल्या गेलेल्या गाण्यांची संख्या घटली. यादीने चुकीचं दाखवलं की रसिक आपला अंदाज सुधारत बसत नाही, तो ऐकणंच कमी करतो. ज्यांच्या हातात काय दाखवायचं हे ठरवण्याची सत्ता आहे, त्यांनी हे मनावर घ्यायला हवं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण चांगल्या कामाबद्दल म्हणतो. इथे उजाडलं खरं, पण तोवर बरेच ऐकणारे उठून गेले होते.

दुसरी टोपणनावं

गॅलब्रेथचं प्रकरण एकटं नाही. ब्रिटिश कादंबरीकार डोरिस लेसिंगने जेन सोमर्स या नावाने कादंबरी पाठवली तेव्हा तिच्या स्वतःच्या प्रकाशकानेच ती नाकारली. दुसऱ्याने ती १९८३ मध्ये छापली, खप बेताचा झाला. १९८४ मध्ये तिने स्वतःच नाव उघड केलं. नव्या लेखकांना काय सोसावं लागतं ते तिला दाखवून द्यायचं होतं. अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंगच्या रिचर्ड बाखमन या टोपणनावाने निघालेलं १९८४ सालचं पुस्तक गुपित असेपर्यंत २८,००० प्रती खपलं आणि उघड झाल्यावर त्याच्या दहापट. २८,००० हा चांगला खप आहे. इथेही नाव नसतानाचा आकडा शून्य नव्हता.

उलट दिशेचं उदाहरण फ्रान्समधलं. कादंबरीकार रोमँ गारी याला १९५६ मध्ये गोन्कूर हा तिथला मोठा साहित्यपुरस्कार मिळाला. हा पुरस्कार एका लेखकाला एकदाच देतात. १९७५ मध्ये तो एमिल अझार नावाच्या नव्या लेखकाला मिळाला, आणि गारीच्या १९८०मधल्या मृत्यूनंतर कळलं की अझार म्हणजे गारीच. त्याच्या बाबतीत जुनं नाव ओझं झालं होतं. समीक्षकांनी त्याला जुनाट ठरवून टाकलं होतं. नाव म्हणजे दरवेळी फायदाच असं नाही, हे त्यातून दिसतं. रोलिंगनेही टोपणनाव घेतलं ते याच कारणाने: गाजावाजा नाही, अपेक्षा नाहीत, वेगळ्या नावाने मिळणारी मतं खरी. गॅलब्रेथ असणं मुक्त करणारं होतं आणि हे गुपित आणखी थोडे दिवस राहायला हवं होतं, असं ती म्हणाली. आधीच्या प्रौढांच्या कादंबरीचा खप प्रचंड झाला होता, पण ती कादंबरी म्हणून कुणी वाचली आणि हॅरी पॉटरच्या लेखिकेचं नवं पुस्तक म्हणून कुणी, हे तिला कसं कळावं? दीड हजार वाचकांचं मत तिला त्या लाखोंपेक्षा काहीतरी वेगळं सांगत होतं.

हे प्रकरण काय सांगू शकत नाही

बातमी फुटली नसती तर गॅलब्रेथचं पुढे काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही. मालिकेतल्या गुप्तहेर कादंबऱ्या बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या पुस्तकाला वेग घेतात. दूरचित्रवाणीच्या विचारणेतून काही उभं राहिलं असतं, किंवा हळूहळू सगळं विझलं असतं. २०१७ पासून बीबीसीवर या कादंबऱ्यांची मालिका आली, पण तेव्हा नाव उघड होऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे तिच्यावरून काही ठरवता येत नाही. नंतरच्या पुस्तकांच्या खपात कसबाचा वाटा किती आणि नावाचा किती, हेही आता वेगळं काढता येणार नाही. तीन महिन्यांची खिडकी बंद झाली ती कायमची.

आणखी एक पोकळी आहे. नकार मिळाल्यावरही गॅलब्रेथला उपाशी राहायचं नव्हतं. साभार परत आलेलं पाकीट त्याच्यासाठी माहिती होती. खऱ्या नवख्याला ते पाकीट महिनाभर लिहू देत नाही. नशिबाचा हा भाग कुठल्याच आकड्यात दिसत नाही: पुन्हा प्रयत्न करण्याची ऐपत. मला वाटतं, सर्जनशील कामात कुणाला नशीबवान म्हणायचं हे ठरवताना पहिली संधी कुणाला मिळाली त्यापेक्षा पाचवी आणि सातवी संधी कुणाला परवडली, ते आधी पाहावं. अनुदानं, शिष्यवृत्त्या, अर्धवेळ नोकऱ्या, घरातल्या कुणीतरी उचललेला भार, या गोष्टी इथे येतात. नशीब वाटून घेण्याची काही साधनं माणसांच्या हातात असतात, ती हीच. स्कॉटिश आर्ट्स कौन्सिलच्या ८,००० पौंडांनी पुस्तक चांगलं झालं नसेल, पण पुढचं पुस्तक लिहिण्याचा वेळ दिला.

आणि खुद्द लिहिणाऱ्याच्या हातात काय? कुठली वकिली संस्था कधी बोलून जाईल, कुठली मुलगी पहिलं प्रकरण वाचून पुढचं मागेल, यावर त्याचा ताबा नाही. ताबा आहे तो आणखी एक काम समोर ठेवण्यावर. वैज्ञानिकांच्या कारकिर्दींचा अभ्यास करणाऱ्या एका गटाने २०१६ मध्ये 'सायन्स'मध्येच दाखवलं की माणसाचा सर्वांत गाजलेला शोधनिबंध त्याच्या कामाच्या क्रमात कुठेही येऊ शकतो. पहिला, मधला, शेवटचा, सगळ्यांना सारखीच संधी. कादंबऱ्यांना हे जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणणार नाही, पण गॅलब्रेथच्या प्रकरणातली एक नोंद इथे मला फार महत्त्वाची वाटते. जुलैमध्ये बातमी फुटली तेव्हा रोलिंगच्या बाजूने जे निवेदन आलं त्यात म्हटलं होतं की गॅलब्रेथची दुसरी कादंबरी नुकतीच लिहून पूर्ण झाली आहे. म्हणजे ती लिहिली गेली त्या महिन्यांत पहिली कादंबरी साभार परत येत होती, मग छापली जात होती, मग दीड हजारांच्या आसपास रेंगाळत होती. ती जून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली.